वस्ताद गोलात उतरले

कोल्हापुरात हिप-हॉप शिकवणारे एक वस्ताद होते. वय साठीला टेकलेले, उजवा गुडघा कायम पट्टीत. एका जुन्या तालमीच्या माडीवर संध्याकाळी त्यांचा वर्ग भरे. खाली पैलवान शड्डू ठोकत आणि वर मुलेमुली स्पीकरच्या ठेक्यावर हातांवर, पाठीवर, डोक्यावर गिरक्या घेत. "हे कुठलं खूळ?" असे विचारायला आलेल्या आयांना वस्ताद आदराने बसवून घेत. बघून गेलेली आई बहुधा दुसऱ्या दिवशी धाकट्यालाही पाठवी.

वर्गाची रीत साधी होती. सर्वांनी गोल करून उभे राहायचे; ज्याला नाचावेसे वाटेल त्याने मध्ये उतरायचे.

अक्षता चौगुले ही वस्तादांची सर्वांत निष्णात शिष्या. एका हातावर उभी राहून ती अशी स्थिर होई की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मात्र कौशल्यामागोमाग तोराही आला. सोहेल नावाचा नवा मुलगा एकदा गिरकी घेताना आपटला, तेव्हा तिने हसत जमिनीवर थाप मारली. या नाचात त्याचा अर्थ होतो, 'पडलास!' सगळे हसले. त्यानंतर सोहेल मध्ये आला नाही. हळूहळू इतरही कचरू लागले.

अशात मुंबईहून काही नामांकित नर्तक वर्ग पाहायला आले. त्यांच्या पसंतीस उतरल्यास राज्याच्या नृत्यमेळ्याचे कोल्हापूरला प्रथमच बोलावणे येणार होते. गोल झाला. अक्षता उतरली आणि अशी नाचली की पाहुणे उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ती बाहेर आली, आणि मग कोणीच आत गेले नाही. ठेका वाजत राहिला. मुले एकमेकांकडे बघत उभी.

तेव्हा वस्तादांनी चपला काढल्या आणि ते स्वतः मध्ये उतरले. पाठीवरची गिरकी घ्यायला गेले. अर्ध्यातच गुडघ्याने दगा दिला आणि ते धपकन कुशीवर कोसळले. पाहुण्यांपैकी एक जण फिस्सकन हसला. वस्तादही पडल्या पडल्या हसले, उठले, पुन्हा गिरकी घेतली आणि पुन्हा पडले.

सोहेल पुढे धावला. त्याने वस्तादांना हात देऊन उठवले आणि कोणी काही म्हणायच्या आत तिथेच नाचू लागला. तो चुकला, तरी थांबला नाही. त्याच्यामागून आणखी एक मुलगी आली, मग तिची बहीण. माडी दणाणून गेली.

अक्षता मात्र चिडली होती. वस्तादांना तिने कोपऱ्यात गाठले. "पाहुण्यांसमोर मुद्दाम पडलात? किती लाज वाटली मला!"

"मुद्दाम नाही पडलो गं," वस्ताद म्हणाले. "विशीत जमायचं, आता जमत नाही. तू नाचलीस तेव्हा माझी छाती फुगली होती. पण तुझ्यानंतर गोल रिकामा राहिला, आणि मला वाटलं, शिकवण्यात माझंच काहीतरी राहिलं. हा नाच ज्या पोरांनी काढला ना, ती दूरदेशीच्या गरीब वस्तीतली. त्यांना कुठलं नाट्यगृह मिळणार? त्यांनी रस्त्यावरच गोल केला आणि जो येईल त्याला आत घेतलं. आपण त्यांच्या गिरक्या उचलल्या. गोल नाही उचलला, तर आपण शिकलो काय?"

अक्षता गोलाकडे गेली. सोहेल दम खात उभा होता. "तुझा डावा हात फार लवकर सुटतोय," ती म्हणाली. "माझ्याबरोबर कर." दोघे एकत्र उतरले. ती त्याच्या गतीने नाचली.

निघताना पाहुण्यांच्या प्रमुखाने विचारले, "मेळ्यात एकालाच उतरवायचं झालं, तर तुमच्यातलं सर्वांत चांगलं कोण?"

मुलांच्या नजरा अक्षताकडे वळल्या. तिने घाम पुसला आणि ती ताठ मानेने म्हणाली, "एकटं कोणी येणार नाही. न्यायचा तर अख्खा गोल न्या."

प्रमुखाने वस्तादांकडे पाहिले. वस्ताद म्हणाले, "ती सांगते तेच."