वीस तास झाले की थांबायचं

समुद्राला खेटून करंजवेळ नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात देवू नावाचा एक माणूस होता. तो इतका भोळा होता की कुणी 'जरा थांब' म्हटलं तर तो जराच थांबायचा आणि मग निघून जायचा.

देवू कुणाचं ऐकत नाही, अशी गावात तक्रार नव्हती. तो सगळ्यांचं ऐकायचा. तक्रार होती ती हीच.

त्याची बायको मुक्ता शिकलेली होती. तिला प्रत्येक गोष्टीची काळजी वाटायची. काळजी करण्यासारखं काही नसलं की आपण काहीतरी विसरतोय याची काळजी वाटायची. लग्न ठरलं तेव्हा तिला मुलाचा एकच गुण सांगितला होता, सांगाल ते ऐकेल. तेव्हा तिला तो फार मोठा गुण वाटला. आता तिला वाटायचं, आपणच तेव्हा दोन प्रश्न जास्त विचारायला हवे होते.

देवूकडे एक लाल क्वाड होती. चार जाड चाकांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, वाळूत पळणारी गाडी. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना तो तिच्यावरून फेरी मारून आणायचा. गावात अशा पाच गाड्या होत्या. कुठली गाडी कुठे उभी राहणार, हे दर वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरायचं. खाडीच्या मुखापासून सुरूच्या बनापर्यंत ओल्या वाळूतून पाचही गाड्यांची शर्यत लागायची. पहिला येईल त्याला वर्षभर पहिल्या सुरूखालची जागा. शेवटचा येईल त्याला नाल्याच्या तोंडाशी, जिथे झाड नाही, सावली नाही, आणि वारा आला तर नाक धरावं लागतं.

गेलं वर्ष देवूने नाल्यापाशी काढलं होतं. पण आता घरात सात महिन्यांची चिमी होती. मुक्ता तिला घेऊन दिवसभर गाडीपाशी बसायची. तिला जिंकण्याबिंकण्याचं काही नव्हतं. तिला चिमीची झोळी बांधायला एक फांदी हवी होती.

आणि तशी आशा होती. कारण वाळूत गाडी चालवण्यात देवूचा हात कुणी धरत नव्हतं. वाळू त्याला काही सांगत नसे, म्हणून तिथे त्याची चूक होत नसे.

शर्यतीला आठ दिवस होते. गाडीचं इंजिन नुकतंच हसनभाई मिस्त्रींनी नव्याने बांधून दिलं होतं. गाडी ताब्यात देताना ते म्हणाले, "देवू, नवीन इंजिन आहे. वीस तास चाललं की टॅपेट बघायचं."

"म्हणजे काय?" मुक्ताने विचारलं. देवूला विचारायचं काही नव्हतं. वीस म्हणजे किती हे त्याला माहीत होतं.

"वहिनी, इंजिनात हवा घ्यायच्या आणि धूर सोडायच्या झडपा असतात. त्यांच्या डोक्यावर केसाएवढी फट ठेवलेली असते. ते टॅपेट. इंजिन नवीन असलं की ती फट हलते, म्हणून एकदा मोजून परत लावून घ्यायची." त्यांनी पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा देवूच्या हातात दिला. "हे फिलर. याने मोजायचं. पण एक ध्यानात ठेव. पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही. गरम असताना माप खोटं येतं."

देवूने मान डोलावली.

त्याच दुपारी मुक्ताची आई एसटीने आली. मुक्ता चिमीला पाजत आत बसली होती. ती आतूनच म्हणाली, "अहो, भात झालाय, आमटीला उकळी आलीय. आईला वाढा."

देवूने पाट मांडला, ताट ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला. आमटीच्या पातेल्याला बोट लावलं आणि समोर मांडी घालून बसला.

सासूबाई थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, वाढताय ना?"

"अजून गरम आहे."

"असू दे की."

"नको. माप खोटं येईल."

चिमी झोपली, मुक्ता बाहेर आली, तेव्हा आई रिकाम्या ताटापुढे बसून पाण्याचा दुसरा तांब्या संपवत होती. आमटीवर साय धरली होती.

"अहो, हे इंजिन आहे का?" मुक्ता म्हणाली. मग तिला वाटलं, आपणच नीट सांगितलं नसेल. "हे बघा. वाफ निघत असते ना, तीच वेळ. वाफ दिसली की लगेच उघडायचं, थांबायचं नाही."

देवूने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्याने वाळूतून गाडी अशी पिटाळली की इंजिनावर टाकली असती तर भाकरी भाजली असती. ओल्या चाकांवरचं पाणी इंजिनावर उडून चर्र झालं आणि वाफ निघाली. वाफ दिसली. देवूने लगेच उघडलं.

हसनभाईंनी त्याच्या चार बोटांना मलम लावलं. "कुणी सांगितलं तुला गरम इंजिन उघडायला?"

"मुक्ताने."

हसनभाई मुक्ताकडे बघत राहिले. मुक्ता जमिनीकडे बघत राहिली.

"आणि मुळात आज कशाला उघडलंस? वीस तास झालेत का? मीटरवर सहा आहेत." हसनभाईंनी झाकण परत बसवलं. "मधेच बघायचं तर कान द्यायचा. टकटक वाजत असेल तर फट वाढलीय. त्यात लगेच घाबरायचं नाही. पण वाजायची ती गाडी गप्प झाली, तर समज की फट बुजत आलीय. ती खरी भीती. गप्प झाली की लगेच बघायचं."

देवूने मान डोलावली.

बुधवारी चिमीला झोपवायला मुक्ताला पावणेदोन तास लागले. खांद्यावर, मांडीवर, परत खांद्यावर. शेवटी झोळीत ती झोपली. मुक्ता कुजबुजली, "मी विहिरीवरून येते. लक्ष ठेवा."

देवू लक्ष ठेवून बसला. मग त्याने कान दिला. झोळीतून आवाज येत नव्हता. सकाळपासून वाजत असलेली चिमी गप्प झाली होती.

मुक्ता विहिरीवर दोर सोडत होती तेव्हा घरातून परातीवर पळी बडवल्याचा आवाज आला, आणि मागोमाग चिमीचा असा टाहो की बंदरावरच्या होड्यांतले लोक उभे राहिले. ती धावत आली. देवू समाधानाने झोळीपाशी उभा होता.

"चालू झाली," तो म्हणाला. "पहिल्या झटक्यात."

मुक्ताला खूप बोलायचं होतं. पण चिमी झोपली की आपणही तिच्या नाकाखाली बोट धरून बघतो, एका झोपेत तीनदा, हे तिला आठवलं. परात बडवण्यापर्यंत ती गेली नव्हती, एवढाच फरक. आई समोर बसली होती, म्हणून ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "गप्प आहे म्हणजे झोपलीय. झोपली असली की हात लावायचा नाही. अंगावर पांघरूण घालायचं, पाय न वाजवता निघून जायचं, आणि कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही."

देवूने मान डोलावली.

"ऐकतात हो जावईबापू," आई म्हणाली. "नुसतं ऐकतातच."

गुरुवारी सकाळी देवूने क्वाडचं बटण दाबलं. गाडी गप्प. परत दाबलं. गप्प. देवू हळूच खाली उतरला, घरात गेला, मुक्ताची लग्नातली शाल काढून गाडीवर पांघरली आणि पाय न वाजवता निघून आला.

गुरुवारी चार पाहुणे फेरी मारायला आले. देवूने ओठांवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं. शुक्रवारी धर्मा तांडेल आला. नाल्यापाशी कोण उभं राहणार याची धर्माला फार उत्सुकता होती, कारण त्याच्या मते ते ठरलेलंच होतं.

"काय रे देवू, गाडी बाळंतीण झाली काय?"

"हळू बोल," देवू म्हणाला.

"सरावाला नाही आणलीस दोन दिवस."

"झोपलीय."

धर्मा हसत हसत गेला आणि रस्ताभर भेटेल त्याला सांगत गेला. मुक्ताने शाल ओढली. खाली गाडी होती, आणि गाडीवर एक मांजर, तीही झोपलेली. शर्यत परवावर आली होती.

हसनभाई आले. त्यांनी प्लग काढला, पुसला, परत लावला. गाडी गरजली. "टॅपेटचा काही प्रश्न नाही," ते म्हणाले. "पण वीस तास व्हायला आता फार उरले नाहीत. तेवढं चुकवू नका वहिनी. ते चुकलं तर इंजिन खाईल."

'इंजिन खाईल' हे मुक्ताच्या मनात रात्रभर राहिलं. सकाळी तिने ठरवलं, दोष तोंडी सांगण्याचा आहे. आज सांगितलेलं उद्या भलतीकडे जातं. लिहूनच द्यायला हवं, आणि असं लिहायला हवं की दुसरा अर्थच निघता कामा नये. तिने एक कोरा कागद घेतला. आधी एक लिहिलं ते फाडलं. दुसरं फाडलं. तिसरं असं होतं:

'हा कागद फक्त लाल क्वाडसाठी आहे. जेवण, चिमी आणि इतर कशालाही लागू नाही. मीटरवर वीस तास झाले की गाडी थांबवायची. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचं. मग झाकण उघडून टॅपेट बघायचं. तोपर्यंत गाडी पुढे न्यायची नाही. मधे कुणी काहीही सांगितलं तरी ऐकायचं नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. आईला वाचून दाखवलं. हसनभाईंना दाखवलं.

"वहिनी, असा एक माझ्या गॅरेजात लावायला द्या," हसनभाई म्हणाले.

मुक्ताला आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. देवूने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि मान डोलावली.

रविवारी अख्खं गाव किनाऱ्यावर आलं. ओहोटी पूर्ण लागली होती. सुरूच्या बनासमोर ओल्या वाळूत फक्कीची पांढरी रेघ मारली होती आणि नलूकाकी पाटील हातात लाल टॉवेल घेऊन रेघेवर उभी होती. मुक्ता चिमीला कडेवर घेऊन पहिल्या सुरूखाली उभी राहिली. तिने एक फांदी हाताने ओढून पाहिली. झोळीला चांगली होती. मग तिला वाटलं, आधीच बघायला नको होतं.

खाडीकडून आवाज आला. पाच ठिपके दिसले. मग चार ठिपके आणि एक लाल गाडी, कारण लाल गाडी इतकी पुढे होती. देवू पाण्याच्या काठाने येत होता, जिथे वाळू घट्ट असते तिथून, आणि चाकं वाळूला टेकतात की नाही असं वाटत होतं. धर्मा मागे दोन माडांच्या उंचीएवढा तरी लांब होता.

"पोरी, फांदी धर," आई म्हणाली.

पन्नास हात उरले. तीस हात. नलूकाकीने टॉवेल वर केला.

रेघेला दहा हात असताना देवूने गाडी थांबवली.

त्याने बटण बंद केलं. खाली उतरला. मीटरकडे पाहिलं, खिशातून कागद काढला, कागदाकडे पाहिलं, आणि वाळूत मांडी घालून बसला.

नलूकाकीचा टॉवेल वरच राहिला. मुक्ता चिमीला घेऊन धावली. "अहो, काय झालं?"

"वीस तास झाले."

"दहा हात राहिलेत हो. पुढे घ्या."

"तोपर्यंत गाडी पुढे न्यायची नाही."

"मी सांगतेय ना."

देवूने कागद तिच्यापुढे धरून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मधे कुणी काहीही सांगितलं तरी. अक्षर तिचंच होतं, आणि चांगलं वळणदार होतं.

धर्मा गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. चौथ्याची गाडी रुसली होती, तो ती ढकलत गेला आणि जाताना देवूला रामराम करून गेला.

गाव पोट धरून हसलं. मुक्ता तिथेच उभी होती. तिला रडू यायला हवं होतं, पण चिमी धर्माच्या गाडीकडे बघून टाळ्या वाजवत होती. इतक्यात धर्माची बायको तारामती सुरूखालून ओरडली, "मुक्ता, पोरीला उन्हात काय घेऊन उभी राहिलीस? ती झोळी आण इकडे. जागा आमची असली तरी फांद्या आम्ही घरी नाही नेणार."

धर्मा काही म्हणणार होता. तारामतीने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो गाडी पुसायला लागला.

झोळी बांधली. मुक्ता आणि तारामतीने भजी खाल्ली. चिमी झोपली. मुक्ताने तिच्या नाकाखाली एकदाच बोट धरलं. डोक्यावर सावली होती, वारा होता, आणि गेल्या आठ दिवसांत ज्याची एवढी काळजी केली ते असं बसल्या जागी मिळालं होतं. आता आपण काय विसरतोय, असा विचार तिच्या मनात आला.

तेवढ्यात हसनभाई धावत आले. "वहिनी, देवू कुठाय?"

देवू होता तिथेच होता. दसऱ्यानंतरचं ऊन. लोखंड काही निवत नव्हतं. तो दर थोड्या वेळाने इंजिनाला बोट लावायचा, मान हलवायचा आणि परत बसायचा. गाडी वर घ्यायला चार माणसं गेली, त्यांना त्याने कागद दाखवला. दरम्यान भरती सुरू झाली होती. पाणी चाकाला लागलं. मग त्याच्या मांडीला लागलं. मग एक मोठी लाट आली आणि देवू आणि गाडी दोघंही दिसेनासे झाले.

लाट मागे गेली तेव्हा गाडी जागेवर होती. धुराच्या नळकांड्यातून पाण्याची धार लागली होती आणि सीटवर एक खेकडा बसला होता. धावत आलेली मुक्ता गुडघाभर पाण्यात उभी राहून तो कागद मनातल्या मनात वाचत होती. समुद्राबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं.

देवूने इंजिनावर बोट टेकवलं. मग पूर्ण तळवा टेकवला. त्याचा चेहरा उजळला. त्याने ओल्या खिशातून फिलर काढलं आणि झाकण उघडायला घेतलं.

"बघ," तो म्हणाला, "आता झालं पूर्ण थंड."