दुसऱ्या यादीला कुणी विचारले नाही

"माझं नाव कधी काढलं, एवढंच सांगा."

हौसाताई मठाच्या ओट्याखाली उभ्या होत्या. हाताला भाकरीचे ओले पीठ तसेच होते.

ओट्यावर निरंजनबुवा बसले होते. बाजूला त्यांचा शिष्य, शौनक मिराशी, उभा होता.

कोणीच बोलले नाही...

मंगळवार होता. सकाळी पावट्याच्या दोन पाट्या आल्या होत्या. त्या सोलायला बायका बसल्या होत्या, आणि पावटा यंदा किडका निघाला म्हणून कुणीतरी भाजीवाल्याला नावे ठेवत होते. सव्वाबारा वाजता किराण्याचा टेंपो घाट उतरून आला. चालक सदबाने इंजिन बंद केले नाही. खिडकीतूनच त्याने सांगितले, की घाटमाथ्यावर रेंज आली तेव्हा हौसाताईंच्या भाच्याचा फोन आला होता. आप्पा गेला. अकरा चाळीसला, ऑपरेशनच्या टेबलावर.

आप्पा म्हणजे हौसाताईंचा धाकटा भाऊ. आत नेण्याआधी तो वीस मिनिटे फोन हातात धरून बसला होता. आक्काशी बोलतो, मग न्या, असे त्याने डॉक्टरांना सांगितले होते. डॉक्टर थोडा वेळ थांबलेही होते.

ते वीस मिनिटांचेही सदबाने सांगितले. सांगायला नको होते असे नंतर काही जण म्हणाले. मला तसे वाटत नाही.

मठ खोल दरीत आहे. तिथे मोबाइलला रेंज नाही. रस्त्याच्या कामात टेलिफोनची केबल तुटली, त्याला आठ महिने झाले. बाहेर बोलायचे तर मठाचे वायफाय, दुसरा मार्ग नाही. आणि वायफायच्या दाराशी एक सर्व्हर बसवलेला आहे. कोणी फोन जोडू लागले, की तो नाव आणि पासवर्ड विचारतो, यादीत बघतो आणि हो किंवा नाही सांगतो.

ती यादी बुवांनी केली होती. संन्यास घेण्याआधी त्यांनी एकतीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली होती. एक साधी फाइल, एका ओळीत एक माणूस. नवे कोणी आले की बुवा चष्मा लावून ओळ वाढवत.

शौनक पुण्याच्या मोठ्या कंपनीतून एक वर्षाची रजा घेऊन आला होता. अहंकार सोडायला आलो आहे, असे तो सांगे. वारंवार सांगे.

बुवांची फाइल पाहून तो हसला होता. अकराशे माणसे आणि ही किराणा दुकानाची वही, असे म्हणाला होता. मग त्याने महिनाभर खपून नवा सर्व्हर उभा केला. नावे फाइलीत नाहीत, डेटाबेसमध्ये. कोण कधी आले, किती वेळ राहिले, सगळे आपोआप लिहिले जाई. बुवांनी एकच अट घातली. जुने यंत्र ग्रंथालयात चालू राहू दे, दुसरे म्हणून. म्हाताऱ्या माणसाचे मन मोडू नये, म्हणून शौनकने ते ठेवले.

"माझा सर्व्हर कुणाला ताटकळत ठेवत नाही," तो सांगे. "प्रश्न आला की उत्तर. लगेच."

नावे उतरवून घेताना त्याचे एकदाच वाजले होते, ते हौसाताईंशी. बुवांच्या फाइलीत नुसतेच होते, 'हौसा, स्वयंपाक'. शौनकने आडनाव मागितले, फॉर्म भरायला दिला.

"बावीस वर्सं पोळपाट मला वळखतोय, इंजिनेर," हौसाताई म्हणाल्या होत्या. "त्यानं कधी आडनाव इचारलं न्हाई. तुझं मशीन लई सोवळं दिसतंय."

बायका हसल्या. शौनक हसला नाही. फॉर्म आला नाही तर नाव निघेल, असे त्याने सगळ्यांसमोर सांगितले. मग संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या सिंधूकडून आडनाव विचारून घेतले आणि स्वतःच भरले. हौसाबाई दत्तू चौगुले. ते हौसाताईंना सांगायचे त्याला आवश्यक वाटले नाही.

हे रविवारचे.

मंगळवारी दहा पंचवीसला, आप्पाला आत नेण्याआधी बोलता यावे म्हणून, हौसाताईंनी फोन सुरू केला. बॅटरी राहावी म्हणून त्या एरवी बंद ठेवत. पडद्यावर आले, 'प्रवेश नाकारला. आपले नाव नोंदीत नाही.' त्यांनी तीनदा करून पाहिले. मग सभामंडपाच्या खिडकीतून आत बघितले. मोठ्या पडद्यावर कुठल्याशा शास्त्रीबुवांचे व्याख्यान चालू होते, पोरे ऐकत बसली होती. म्हणजे वायफाय चालू होते. सगळ्यांना होते.

त्या परत स्वयंपाकघरात गेल्या आणि भाकऱ्या थापू लागल्या.

दोन तासांनी ओट्याखाली उभ्या राहून त्या तेच सांगत होत्या.

"मागायला आले न्हाई मी. नाव न्हाई, तर कुठल्या हक्कानं मागू? पन काढलं कधी, ते तरी सांगा. रविवारी काढलं का काल?"

शौनकने बुवांकडे पाहिले. मठात बुवांच्या आधी कोणी बोलत नाही.

बुवा शौनककडे पाहत होते...

हौसाताई थोडा वेळ थांबल्या. मग वळल्या. सिंधूला म्हणाल्या, की एकशे दहा झाल्यात, राहिलेल्या तू थाप. हात धुतले, आणि मठाच्या जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप निघाली तेव्हा पाऊण वाजला होता.

शौनक धावत यंत्राच्या खोलीत गेला. सात मिनिटांत परत आला.

"डिस्क भरली होती, बुवा. येण्याजाण्याच्या नोंदींनी. डेटाबेस दहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडला. जे सकाळीच जोडलेले होते त्यांचं चालू राहिलं. नवीन कुणालाच जाता आलं नसतं. त्यांचं एकटीचं नाव नाही..." त्याला धाप लागली होती. "आता चालू केलाय."

"सर्व्हर चालू होता?"

"सर्व्हर चालू होता. यादी बंद होती."

"मग यादी न बघता त्यानं काय सांगितलं?"

"नाही म्हणून सांगितलं."

"कशावरून?"

शौनकचा चेहरा लाल झाला.

"खात्री नसली की नाही म्हणायचं. जगभर हाच नियम आहे. चोर आत येण्यापेक्षा साव बाहेर राहिलेला परवडतो."

"कुणाला परवडतो?"

"हा माझ्यावर अन्याय आहे, बुवा. डिस्क भरली ती मी भरली नाही. तो मनुष्य आज जाणार होता हे मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं. मी नियमानं बांधलंय सगळं. सांगा ना, त्यानं काय म्हणायला हवं होतं? ओळख न पटवता हो म्हणायचं?"

बुवा काही बोलले नाहीत.

"हो म्हणायचं का?"

बुवांनी डोळे मिटले.

शौनकने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा बुवा बसल्या जागी वळले, आणि त्यांची पाठ त्याच्याकडे झाली.

"ठाऊक नसेल तर तसं सांगा," शौनक म्हणाला. "हे गप्प बसणं सोपं असतं."

आजवर त्या ओट्यावर असे कोणी बोलले नव्हते. तो तिथून तडक निघाला. कुठे जावे हे त्याला कळेना. उत्तर तर हवे होते. ग्रंथालयाशी आल्यावर त्याला जुन्या यंत्राची आठवण झाली.

यंत्र चालू होते. कुणीतरी त्यावर टॉवेल वाळत घातला होता. तो बाजूला करून त्याने आतल्या नोंदी उघडल्या. शेवटचा प्रश्न चार दिवसांपूर्वीचा, त्यानेच चाचणीसाठी विचारलेला. त्या सकाळी या यंत्राला कुणीही काही विचारले नव्हते.

कारण त्याला माहीत होते. पुण्यात नव्या पोरांना तो हेच शिकवीत असे. वायफायची पेटी आधी पहिल्या सर्व्हरला विचारते. पहिल्याकडून काहीच उत्तर आले नाही, तर थोडे थांबते आणि दुसऱ्याला विचारते. पण पहिल्याने 'नाही' म्हटले, की विषय संपला. मग दुसऱ्याकडे कोणी जात नाही.

पहिल्याने त्या सकाळी प्रत्येकाला उत्तर दिले होते. लगेच.

त्याने बुवांची फाइल उघडली. एकेचाळिसावी ओळ. 'हौसा, स्वयंपाक.' पासवर्डही नव्या यादीतलाच. विचारले असते, तर या यंत्राने हौसाताईंना त्या क्षणी आत घेतले असते.



मग त्याने काम केले. फार नव्हते. यादीकडून उत्तर येत नसेल, तर कुणालाही 'नाही' म्हणायचे नाही, गप्प राहायचे, एवढेच नव्या सर्व्हरला सांगायचे होते. डिस्कवर जागा केली. नंतर मुद्दाम डेटाबेस बंद करून स्वतःचा फोन जोडून पाहिला. काही सेकंद काहीच झाले नाही. मग जुन्या यंत्राने हो म्हटले.

साडेपाचला तो ओट्याशी आला. चेहरा उजळला होता. दोन-चार साधक बुवांपाशी बसले होते. त्यांच्यासमोर त्याने साष्टांग नमस्कार घातला.

"कळलं, बुवा. तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी तिथंच भांडत बसलो असतो. तुम्ही गप्प बसलात, म्हणून मी दुसऱ्या दाराला गेलो. ज्याला माहीत नाही, त्यानं गप्प बसावं."

साधकांनी माना डोलावल्या. एकाने वही काढून लिहून घेतले. अशी वाक्ये लिहून घेणारे प्रत्येक मठात असतात.

बुवांनी विचारले, "हौसाला कळवलंस?"

शौनकने तिथेच फोन लावला. पलीकडे भाचा होता, रणजित. शौनकने त्याला डिस्क सांगितली, डेटाबेस सांगितला, दुसरे यंत्र सांगितले, आता पुन्हा असे होणार नाही हे सांगितले. रणजितने सगळे ऐकून घेतले.

"आत्ताच अग्नी देऊन आलोय," तो म्हणाला.

"मला त्यांच्याशीच बोलू दे. दोनच मिनिटं."

पलीकडे फोन कुणाकडे तरी धरला गेला. बायकांचे आवाज आले. मग पुन्हा रणजितच.

"आत्ती बोलत न्हाईत. त्यांची पेटी सिंधूमावशीकडं हाय, ती पाठवून द्या म्हणत्यात. त्या आता हितंच ऱ्हाणार."

"अरे, नाव आहे त्यांचं. पहिल्यापासून होतं. काढलंच नव्हतं कधी."

"मग सकाळी का न्हाई सांगितलं? त्यांनी इचारलं हुतं म्हणत्यात. तुमच्या म्होरं उभं ऱ्हाऊन इचारलं."

फोन बंद झाला.

वहीवाल्याने वही मांडीवर पालथी घातली.

"तुम्हाला माहीत होतं," शौनक म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यापेक्षा वाईट होता. "काल पूर्ण यादी तुम्ही वाचून काढलीत. तिचं नाव बघून हसलातसुद्धा, आडनाव आत्ता कळलं म्हणून. ती इथं उभी होती. 'नाव आहे', एवढे दोन शब्द होते. मी तुमच्याकडे बघत होतो, बुवा. तुमच्या आधी इथं कुणी बोलत नाही."

"मी तुझ्याकडे बघत होतो."

"का?"

बुवांचे वय त्या दिवशी प्रथमच दिसले, असे तिथे असलेल्या एका साधकाने मला सांगितले.

"तू बोलशील म्हणून..."

"मला शिकवायला?"

"हो."

"आणि ती?"

खाली स्वयंपाकघरातून सिंधू कुणाला तरी ताटे मोजून ठेवायला सांगत होती. बुवांनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"जीप गेली," ते म्हणाले. "मी तिला सांगितलं नाही."