साळूची पाठवणी

तळेगडच्या राजवाड्यातून साळूला काढून टाकायचं ठरलं, तेव्हा साळू गच्चीवर कावळे हाकत बसली होती. तेच तिचं काम. गच्चीवर राजेसाहेबांचे पापड, कुरडया, सांडगे वाळत पडलेले असायचे आणि साळू हातात लांब काठी घेऊन दिवसभर 'हाऽ हाऽ' करायची. पण नव्या दिवाणजींनी वाड्याचा खर्च कमी करायचा विडा उचलला होता. त्यांनी गवताचं एक बुजगावणं करून आणलं, त्याला स्वतःचा जुना अंगरखा चढवला आणि राजे रत्नोजीरावांना म्हणाले, "महाराज, हे पगार मागत नाही, जेवत नाही आणि तोंडही चालवत नाही."

राजेसाहेबांचा हात मुळातच आखडता. त्यात दिवाण असा भेटलेला. मग काय विचारता!

तळेगडात कामावरून काढलेल्या माणसाला दरबारात बोलावून नारळ द्यायची रीत होती. नारळ घ्यायचा, मुजरा करायचा आणि चालू लागायचं. साळूची राहती खोली वाड्याच्या भिंतीला लागूनच होती. दिवाणजींनी तिलाही कुलूप ठोकलं. साळूचा नवरा येसबा बाहेर बोचक्यावर बसून जांभया देत राहिला. काम गेलं त्याचं एक वेळ ठीक, पण खोली गेली तर डोक्यावर छप्पर राहत नव्हतं.

"सरकार, आजवर एक पापड कावळ्याच्या चोचीत जाऊ दिला न्हाई," ती दरबारात म्हणाली. "आन् नुसत्या नारळावर बोळवण करता व्हय?"

राजेसाहेबांनी मिशी कुरवाळली. "बरं, नारळासोबत आणखी काहीतरी माग. पण मागणं असं हवं, की त्यापायी मला एक कवडीही मोजावी लागू नये. सुचतं का बघ. नाहीतर वाट धर."

सगळा दरबार खो खो हसला. साळूने शांतपणे डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सरकार, सवाष्ण बाई परक्या पुरुषाच्या हातनं नारळ कशी घेईल? त्यो राणीसाहेबांच्या हातनं द्या. माझं येवढंच मागणं."

"एवढंच? दिलं!" राजेसाहेब खुशीत म्हणाले. फुकटात मोठेपणा मिळत होता.

राणीसाहेब आल्या. साळूने त्यांच्यापुढे पदर पसरला. आता सवाष्णीने पदर पसरल्यावर त्यात कोरडा नारळ टाकायचा, हे राणीसाहेबांच्या हातून कसं व्हावं? त्यांनी दासीला हाक मारली. हळदीकुंकू आलं, खण आला, ओंजळभर तांदूळ आले.

"अहो, तांदूळ कशाला?" राजेसाहेब ओरडले.

राणीसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. राणीसाहेबांनी साळूची साग्रसंगीत ओटी भरली.

साळू त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "वहिनी, पाट कुठं मांडू?"

"वहिनी?" राजेसाहेब दचकले.

"आता दादा, वाड्यातनं निघताना बाईची ओटी भरली, तर ती कोण? पाव्हणी म्हणावं, तर मी हितलीच. मंग घरचीच लेक की! आन् वहिनींनी ओटी भरली, म्हंजी मी तुमची भैन."

राजेसाहेबांना सख्खी बहीण नव्हती. राणीसाहेबांना नणंदेची हौस फार. त्यांचे डोळे भरून आले. "या वन्सं, जेवल्याशिवाय जायचं नाही," असं म्हणत त्या साळूला आत घेऊन गेल्या.

साळू जेवली. येसबाही जेवला, कारण तो आता वाड्याचा जावई. त्याला चांदीचं ताट मांडलं, तेव्हा त्याने वरणावर तूप कमी पडल्याची तक्रारही केली. रात्र झाली, दोघं तिथेच झोपली. सकाळी साळूच्या केसांना तेल लावायला दासी आली, येसबासाठी शिरा आला. पुढे रोज हेच.

तिकडे गच्चीवर कावळे आधी बुजगावण्याच्या डोक्यावर बसले, मग पापडांवर.

"साळू, ऊठ, कावळे हाक!" राजेसाहेब धावत आले.

"माहेरवाशिणीला कुणी कामाला लावतं का, दादा?"

"तर काय! लोक काय म्हणतील?" राणीसाहेब आतून म्हणाल्या.

पुरणपोळीचा घास तोंडात असलेल्या येसबानेही मान डोलावली. राजेसाहेब मटकन खाली बसले. पगारावर असताना साळू भाकरी घरून आणायची. काढून टाकल्यापासून ती पुरणपोळी खात होती, आणि तीसुद्धा जोडीने.

"बाई गं," ते हात जोडून म्हणाले, "काय दिलं म्हणजे आपल्या घरी जाशील?"

"काय बी नको, दादा. कवडी मोजायची न्हाई हीच तुमची अट व्हती, ती मी मोडायची न्हाई. माहेर किती बी ग्वाड असलं, तरी बाई आपल्या पायानं सासरी जाती. पर माझ्या सासरला तुमच्या दिवाणजींनी कुलूप घातलंय. त्ये काढा, ही मी निघाले."

राजेसाहेब इतके हसले, की पगडी ओघळून मांडीवर आली. त्यांनी कुलूप काढवलं. खोली आणि मागचं परसू साळूला कायमचं देऊन टाकलं, आणि बहिणीला रिकाम्या घरात कसं पाठवायचं म्हणून वर्षाचं धान्य, साडीचोळी आणि दुभती म्हैसही दिली. गच्चीवर काठी घेऊन दिवाणजींना बसवलं.

"झालं ना मनासारखं?" राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. "आता जा."

साळू उंबऱ्यात थांबली. "दादा, भैनीला 'जा' म्हणत्यात व्हय?"

राजेसाहेबांनी राणीसाहेबांकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "ये बाई, ये! दिवाळीला ये!"

"येते," साळू म्हणाली. "ह्यांना बी आणते."