दुसऱ्या पाटावरची सुपारी

एका राज्यात दर वर्षी प्रजा राजा निवडी. चौकात दोन पाट मांडत. ज्याला ज्याचा विश्वास वाटे, त्याच्या पाटावर तो अक्षता वाही. पुढं अजिंक्यसेन गादीवर बसला. दुसऱ्या पाटावर जो बसेल, त्याच्यावर राजाचा मांत्रिक कालकंठ फुंकर मारी, की माणसाचा पोपट होई. पोपट राजवाड्याच्या पिंजऱ्यात जाई आणि "बिनविरोध! बिनविरोध!" घोकत बसे.

केवढी ही मिजास! देवसुद्धा कौल देताना डावं-उजवं, दोन्ही फुलं लावू देतो. हा कोण लागून गेला?

वेणाचा नवरा रायाजी असाच पोपट झाला होता. तिच्या व्रताचं उद्यापन आलं, आणि ते तर जोडीनं करायचं. गुरुजी म्हणाले, "बाई, यजमानांच्या जागी सुपारी मांड."

वेणा त्या सुपारीकडे बघतच राहिली. मग ती पिंजऱ्यापाशी गेली.

रायाजी हळूच म्हणाला, "हा मंत्र तुटायचा तर तीन गोष्टी कर. पाट मांड, पाटावर कुणी बसव, आणि अक्षता पडू दे. पण तुझ्या नव्हेत. परक्याच्या हातच्या."

"अहो, परकं कोण धजावेल?"

"बिनविरोध!" पोपट ओरडला. पहारेकरी आला होता.

निवडीच्या दिवशी दवंडी झाली, "दुसरा कोणी आहे का?" वेणानं घरचा पाट मांडला. पुन्हा दवंडी झाली. तिनं पाटावर सुपारी ठेवली.

"हे माझे यजमान."

राजा खदखदून हसला. "आता मी सुपारीशी लढू?"

"माणसं शिल्लक ठेवलीत कुठं, महाराज?"

कालकंठानं फुंकर मारली. गाल निळे होईतो मारली. सुपारीला पंख फुटतात होय!

तिसरी दवंडी झाली. कुणी पुढं येईना. वेणानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात शेजारची सोनाकाकू पुढं आली. सकाळी वेणाला बघून हिनंच दार लावून घेतलं होतं.

"म्हातारे, मागं फिर!" राजा गरजला.

"फिरते की. आधी मूठ रिकामी करते." तिनं मूठ उघडली आणि अक्षता पाटावर पडल्या.

त्याच क्षणी पिंजरे फुटले. पोपटांची माणसं झाली. फुंकर उलटली आणि कालकंठच फडफडत पिंजऱ्यात जाऊन बसला. रायाजी धावत आला. केसांत एक हिरवं पीस तेवढं राहिलं होतं.

"अहो, बसा पाटावर," वेणा म्हणाली. "लोक खोळंबलेत."

रायाजीनं सुपारी कनवटीला लावली नि बसला. अजिंक्यसेनही आपल्या पाटावर गुमान बसून राहिला. दिवसभर अक्षता पडत राहिल्या, आणि संध्याकाळी रायाजीचा पाट अक्षतांखाली दिसेनासा झाला.

वेणाचं उद्यापन जोडीनं पार पडलं. जसा तिला तिचा माणूस परत मिळाला, तसा देवा, प्रत्येक चौकाला दुसरा पाट मिळो.