नांगरमोडीच्या माळावरची रांग

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरटाकळीला रस्ता नव्हता आणि खडकसुळ्याशी सोयरीक करावी की भांडण, हे दोन्ही गावांचं ठरत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. साल विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि गोष्ट हसण्यासारखी नाही, तेव्हा ज्यांना उठून जायचंय त्यांनी आत्ताच जावं.

तर एका उन्हाळ्यात गावात दोन म्हातारी माणसं आली. एक इसहाकसाहेब आणि एक त्याची बायको मार्थाबाई. साहेब सत्तरीचा, बाई दोन-चार वर्षांनी लहान. देवाला आपण अरेतुरे करतो, तसं गाव त्यांनाही करतं, म्हणून मीही करतो. त्यांचा मुलूख कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. तिथं नदीचा दगड होतो इतकी थंडी असते, असं म्हणतात. ज्या वयात माणूस ओट्यावर बसून सुनेच्या नावानं खडे फोडतो, त्या वयात ही दोघं बोटीत बसली आणि आपल्याकडं आली. कारण विचारलं की साहेब आकाशाकडं बोट दाखवायचा. बाईचं कारण वेगळं होतं. तरुणपणीच तिची तीन लेकरं घशाच्या रोगानं एका आठवड्यात गेली होती. सगळ्यात धाकटी मुलगी पाच वर्षांची होती. त्यानंतर तिला आपल्या घरात कधीच करमलं नाही.

साहेब चावडीपुढं उभा राहून प्रवचन करायचा. त्याचं मराठी शहरातल्या मुनशीकडून शिकलेलं, छापील. मूर्ती म्हणजे केवळ काष्ठ आणि पाषाण, असं तो सांगायचा आणि लोक माना डोलवून देवळात जायचे. बाई मात्र बोलत कमी. ती लेकरांचे डोळे धुवायची, खरूज झालेल्यांना मलम लावायची. गावानं तेवढं मान्य केलं होतं. डोळ्यात घातलेलं चालायचं, अंगाला लावलेलं चालायचं. तोंडात घालायचं काही, मग ते पाणी का असेना, त्यांच्या हातचं कुणी घेत नसे.

आता गाड्याचं सांगतो. तेव्हा पटकी आली की घरंच्या घरं रिकामी व्हायची. मग गाव मरीआईचा गाडा करायचं. हातभर उंचीचा लाकडी गाडा, त्यात लाकडाची बाहुली, तिला हिरव्या बांगड्या, खणाची चोळी, पुढं दहीभात. वाजतगाजत तो शिवेपार नेऊन सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. पुढच्या गावानं त्याला आत न घेता आपल्या कडेकडेनं पुढच्या शिवेवर लोटायचा. असा रोग गावोगाव लोटला जाई. आपल्या दारातून गेला म्हणजे झालं, शेजाऱ्याचं शेजारी बघेल, हा त्यातला धर्म.

साहेब-बाईंना येऊन सव्वा वर्षच झालं होतं. त्यांनी गाडा कधी पाहिला नव्हता.

आषाढातल्या एका सकाळी मार्थाबाई वरच्या वस्तीवरून एकटीच येत होती. शिवेवरच्या बाभळीखाली तिला वरच्या गावानं सोडलेला गाडा दिसला. आपली माणसं तो पुढं लोटायला अजून निघायची होती. बाईनं काय पाहिलं? एक छोटी गाडी. एक बाहुली. पाच वर्षांच्या मुलीच्या हाताला येतील एवढ्या बांगड्या, एवढीशी चोळी. तिला वाटलं, वाटेत कुणा गरिबाचं काही बरंवाईट झालं आणि त्यांच्या लेकीचं खेळणं इथंच राहिलं. रानात पोर कुठं रडत असेल म्हणून तिनं हाका मारल्या. मग गाड्याची दोरी धरली आणि गाडा ओढत ती थेट वेशीतून आत आली.

आणि दारोदार विचारत फिरली, "हे कोणाच्या मुलीचे आहे? ती मुलगी कुठे आहे?"

एकेक दार तिच्या तोंडावर बंद होत गेलं. आया पोरांना पदराखाली घेऊन आत पळाल्या. बाईला वाटलं, कुणीतरी मेलंय आणि हे लोक सांगायला भितात. म्हणून तिनं एकही दार सोडलं नाही, असं म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पहिलं माणूस गेलं. आठवडा भरायच्या आत एकोणीस. आता तुम्ही शिकलेले म्हणाल, रोग वरच्या गावाहून ओढ्याच्या पाण्यातून आला. आला असेल. पण त्या दिवशी गावानं ओढा पाहिला नाही, बाई पाहिली.

म्हसू पोतराजानं तिला गाडा म्हणजे काय ते समजावलं. तशी ती घरी गेली आणि तिनं चूल पेटवली. पाणी उकळलं, तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं आणि भांडं घेऊन निघाली. पटकी अंगातलं पाणी काढून नेते, ते परत घालत राहिलं तर माणूस वाचतं, एवढं तिला ठाऊक होतं. पण तिच्या हातचं घेणार कोण? लोकांनी दगड मारले. एक तिच्या कपाळाला लागला आणि खोक पडली. तो मारणारा माझा पणजोबा, भिकाजी. लपवून काय करू? सगळ्या गावाला माहीत आहे. रक्त पुसून बाई त्याच्याच उंबऱ्यावर भांडं ठेवून गेली, कारण आत त्याची बायको तळमळत होती, पाणी पाणी करत होती. भिकाजीनं भांडं अंगणात उपडं केलं. दिवस मावळायच्या आत बायको गेली. मला आजही ते अंगण ओलांडताना लाज वाटते.

मग पंच बसले. येसाजी पाटील साहेबाला म्हणाला, "तुमी आणली, तुमीच न्या. तुमच्या हातानं गाडा शिवेपार गेला, तर आमी बाईच्या हातचं पाणी पिऊ. नाहीतर मरू, पर पिणार न्हाई."

आता साहेबाची पंचाईत बघा. जन्मभर जे काष्ठ-पाषाण म्हणून सांगितलं, त्याचीच दोरी खांद्यावर घ्यायची! ते त्याच्या धर्मात महापाप. बाई म्हणाली, "आपण ओढला तर हे लोक पाणी पितील. नाही ओढला तर मरतील. यात देवाला काय विचारायचे?"

पण साहेब म्हणाला, विचारतो. त्यानं दार लावून घेतलं आणि गुडघ्यावर बसला. दुपार झाली, ऊन कललं. दाराबाहेर बाई उकळलेलं पाणी घेऊन उभी. संध्याकाळी साहेब बाहेर आला तेव्हा त्यानं विचारलं, "दुपारपासून किती?"

"चार," पाटील म्हणाला.

त्यानं दोरी खांद्यावर घेतली. दुसरं टोक बाईनं धरलं. हातभर उंचीचा गाडा तो, पण जितकी माणसं मेली होती तितक्यांचं वजन त्यात भरलं होतं, असं म्हणतात. चाकं जमिनीत रुतत होती. दोघांच्या खांद्यांची कातडी निघाली. गाव दारांच्या फटींतून बघत राहिलं आणि हात लावायला कुणी पुढं झालं नाही.

खडकसुळ्याच्या शिवेवर शंभर माणसं गोफणी घेऊन उभी होती. "म्होरं पाऊल टाकाल तर टाळकी फुटतील!" ते ओरडले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनाही लेकरं होती.

मागं जाता येईना, पुढं जाता येईना. तेव्हा बाईनं डावीकडं पाहिलं. तिकडं नांगरमोडीचा माळ. नुसता मुरूम आणि खडक, म्हणून दोन्ही गावांनी नाकारलेला. तो कुणाच्याच शिवेत नव्हता. बाई म्हणाली, "हा कोणाच्याही दारात लोटायला नको. आपल्याकडेच ठेवू." आणि त्या दोघांनी गाडा माळावर चढवला. वर पोचताच चाकं आसापर्यंत मुरमात गेली. पुढं बारा बैल जुंपले तरी तो हलला नाही, असं म्हणतात. बैल कुणी जुंपले ते मात्र कुणी सांगत नाही.

गाड्याशेजारी तीन दगड मांडून बाईनं चूल पेटवली आणि खाली निरोप दिला, "रोग इथे आहे. मीही इथे आहे. आजाऱ्यांना वर आणा."

पाटलानं शब्द पाळला. आधी त्यानं आपला भाऊ वर पाठवला. मग बाजेवर घालून, झोळीत घालून, पाठीवर घेऊन माणसं येऊ लागली. भिकाजीही आला, पाठीवर त्याची पोर ठकी. बाईच्या कपाळावर पट्टी होती. पोरीला तिनं रांगेत निजवलं.

रांग हा तिचा नियम होता. सगळ्यांना एका ओळीत निजवायचं, आणि टोकापासून एकेकाला पळी-पळीनं पेज पाजत शेवटापर्यंत जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. पाटलाचा भाऊ असो की म्हसूची बायको, कुणाला मधेच नाही. रांग मोडून एकाला आधी दिलं की दुसरा मरतो, असं ती म्हणायची. एका भांड्यातून सगळं गाव प्यालं. शिवाशीव गेली. खाली उतरल्यावर पुन्हा आली, तेही सांगितलं पाहिजे.

ते भांडं एकवीस दिवस रिकामं झालं नाही, असं म्हणतात. मी म्हणतो, होत होतं. सत्तरीचा म्हातारा खांद्यावर कावड घेऊन दूरच्या झऱ्यावरून पाणी आणत होता आणि भरत होता. चमत्कार म्हणायचा तर ह्याला म्हणा. दहाव्या दिवशी गोफणीवाले खडकसुळ्याचे लोक आपले आजारी घेऊन माळाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. शरमेनं वर येईनात. साहेब कावड ठेवून खाली गेला आणि पहिली बाज त्यानं स्वतः उचलली.

एकोणिसाव्या दिवशी कावड वाटेत पडलेली सापडली. साहेबाला पटकीनं धरलं होतं. बाई पळी घेऊन धावली. रांगेत त्या दिवशी साठ माणसं होती. साहेबानं तोंड फिरवलं.

"रांगेने ये," तो म्हणाला.

भिकाजी रडून म्हणाला, "सायेब, आमी थांबतो की! तुमी आदी प्या."

साहेब म्हणाला, "मी चौघांना थांबवले होते. आता मी थांबतो." आणि रांगेच्या टोकाला, शेवटच्या माणसाच्या पलीकडं तो जाऊन आडवा झाला.

बाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग ती पहिल्या माणसाकडं गेली. ती धावली नाही, कारण धावलं की पेज सांडते. एकाला पाजलं, दुसऱ्याला पाजलं. बेचाळिसावी माझी आजी ठकी होती, तिलाही पोटभर पाजलं. साठाव्यापर्यंत पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. साहेब गेला होता. पळीत त्याच्या वाट्याची पेज तशीच होती. ती बाईनं पुन्हा भांड्यात ओतली आणि रांगेच्या पहिल्या टोकाला गेली.

त्या दिवशी साहेब सोडून रांगेतलं एकही माणूस दगावलं नाही, असं म्हणतात. हे खरं आहे. आजी सांगायची.

साहेबाला माळावरच पुरलं. मुरूम इतका कठीण की खड्डा करायला दोन्ही गावांची माणसं लागली. पुढं बाईच्या मुलुखाहून कागद आला, परत या म्हणून. ती गेली नाही. अकरा वर्षं ती माळावर खोपट घालून राहिली, आणि ज्याला घरात घ्यायला लोक भ्यायचे असा प्रत्येक आजारी तिच्याकडं जायचा. सर्पानं दंश केलेला, देवी आलेला, महारोगी, सगळे. तिच्या धर्मात गाव गेलं नाही आणि तिनंही कुणाला कधी चल म्हटलं नाही. ती गेली तेव्हा दोन्ही गावांत तीन दिवस चूल पेटली नाही.

तेव्हापासून बोरटाकळीनं कुणाच्या शिवेवर गाडा लोटलेला नाही. खडकसुळ्यानंही नाही. वरच्या गावाहून आला तर आम्ही तो आत घेतो आणि माळावर नेऊन ठेवतो. आषाढात दोन्ही गावं तिथं एका ओळीत बसतात आणि एक बाई मिठाची पेज वाढत जाते. कुणाला मधेच नाही. शेवटच्या जागेवर माझ्या पणजोबाच्या घरातलं माणूस बसतं, हा आमचा मान. आणि त्याच्यापर्यंत यायच्या आत वाढणारी भांडं रिकामं करते. ते माणूस त्या दिवशी उपाशी घरी जातं.

यंदा माझ्या नातीची पाळी आहे. सकाळपासून विचारतेय, "आजोबा, खूप भूक लागली तर?"

मी तिला म्हटलं, लागू दे.