कुरकुरणारी बिजागरी

फार वर्षांपूर्वी एका फिरत्या घरगाडीत एक घडीचं टेबल होतं. त्याला भिंतीशी धरून ठेवायची एक म्हातारी बिजागरी. तिचे स्क्रू सैल झाले तशी ती घाबरली आणि टेबल उघडताना जोरजोरात कुरकुरू लागली.

“गप्प बस गं,” टेबल म्हणालं. “मालक वैतागले तर दोघांनाही फेकून देतील.”

“आणि गप्प बसले तर कुणाला तरी इजा होईल,” बिजागरी म्हणाली.

मालक मुकुंद खरंच वैतागला. स्क्रू पिळायचे तर टेबल उतरवावं लागलं असतं. तेलाची बाटली मात्र हाताशीच होती. त्याने बिजागरीत तेल सोडलं आणि बायकोला म्हणाला, “सुलभा, बघ, झालं दुरुस्त!”

बिजागरीने ओरडायचा आटापिटा केला, पण तिच्या तोंडून आवाजच फुटेना. स्क्रू रोज थोडे थोडे बाहेर सरकत राहिले.

एके दुपारी सुलभाने उकळत्या आमटीचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि ती समोर बसली. त्याच क्षणी टेबल भिंतीपासून सुटलं. सगळी आमटी तिच्या मांडीवर सांडली.

तिला दवाखान्यात नेण्यासाठी उचलताना मुकुंद रडत म्हणत होता, “काही कळलंच नाही गं! जरासुद्धा आवाज झाला नाही.”

खाली पडलेली बिजागरी ते मुकाट्याने ऐकत होती.