बस्त्यावमामाची सही

वसईच्या चर्चमध्ये कुणाचंही लग्न लागो, रजिस्टरात साक्षीदाराची पहिली झोकदार सही बस्त्यावमामाची. एमेल्डाची आई गेल्यावर त्यानंच तिचं मृत्युपत्र बाहेर काढलं. राहतं घर एकुलत्या एक मुलीला नाही, भावाला, म्हणजे मामालाच!

"मला वकील कशाला?" म्हणत मामा एकटाच प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवून घ्यायला, कोर्टात उभा राहिला. पिंजऱ्यात छाती काढून म्हणाला, "बहिणीनं माझ्यासमोर सही केली. खाली दोन साक्षीदार, पहिला मी!"

"सही नक्की तुमचीच?" एमेल्डाच्या वकील कार्व्हालोबाईंनी विचारलं.

"अख्खी वसई ओळखते!"

"मग मृत्युपत्र खरं. आम्हाला मान्य आहे."

एमेल्डा दचकून उभीच राहिली. "अहो बाई, माझं घर!"

"बस गं." बाई मामाकडे वळल्या. "ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्राला जो साक्षीदार राहतो, त्याला त्यातलं काही मिळत नाही, असा कायदाच आहे. घर मुलीकडेच जाणार."

"हा कुठला कायदा?" मामा किंचाळला.

"मामा, एवढ्या लग्नांना साक्षीदार राहिलात. नवरी कधी तुमच्या घरी आली का?"

मामानं मृत्युपत्राकडे पाहिलं. सही खरंच झोकदार होती.